सात नंबरचा पत्रा

माझी बायको जिवंत आहे, हे मला सारखं लोकांना सांगावं लागतं. ‘घरी कोण कोण असतं?’ असं कोणी विचारलं आणि मी ‘मी एकटाच’ म्हटलं, की समोरच्याचा चेहरा पडतो. आवाज खाली आणून तो विचारतो, ‘कधी गेल्या?’ मी म्हणतो, ‘दोन वर्षं आठ महिने झाले.’ मग तो डोळे मिटून मान हलवतो. मग मला चिडून सांगावं लागतं, की अहो, मुलीकडे गेली आहे ती, विमानाने! चांगली धडधाकट आहे. माझ्यापेक्षा जास्त जेवते.

मुलीला जुळं झालं. जावई जहाजावर नोकरीला, सहा-सहा महिने घरी नाही. मुलीचे नुसते हाल चालले होते. ‘तीन महिने जाऊन येते हो,’ असं म्हणून ही गेली. तीनचे सहा झाले, सहाचं वर्ष झालं. मी कधी तक्रार केली नाही. कोणाकडे करणार? दोन तान्ह्या नातवंडांशी भांडायला मी काही इतका वाया गेलेलो नाही.

पण आमचा धंदा दोघांचा होता, ही खरी अडचण. मी टाक्यांच्या पत्र्यांची जाडी मोजतो. पाण्याच्या, तेलाच्या, कसल्याही. त्यातही बोल्टच्या टाक्या जास्त. ह्या टाक्या वेल्डिंगच्या नसतात, पत्र्यावर पत्रा ठेवून, मध्ये रबराची पट्टी घालून, शेकड्याने बोल्ट मारून उभ्या केलेल्या असतात. टाकी भरलेली असतानाच बाहेरून मोजायचं. पत्र्याला जेल लावायचं, त्यावर मीटरला जोडलेला प्रोब दाबायचा, मीटर मिलिमीटरमध्ये आकडा दाखवतं. टाकी किती उंच, किती रुंद, पाणी कुठवर, बोल्टच्या भोकांनी पत्रा किती खाल्ला, हे सगळं धरून हिशेब करायचा, की हा पत्रा कमीत कमी इतका तरी जाड हवा. त्याच्या खाली आकडा गेला की टाकी बंद. काम सोपं वाटतं. करून बघा म्हणजे कळेल.

मी शिडीवर आणि ही खाली स्टुलावर, मांडीवर वही. मी वरून ओरडायचो, ‘दोन पॉइंट तीन!’ ही खालून ओरडायची, ‘दोन पॉइंट तीन!’ आणि मगच लिहायची. परत म्हटल्याशिवाय लिहायचं नाही, हा आमचा नियम. बावीस वर्षं हेच. आमचं कडाक्याचं भांडण झालेलं असलं तरी आकडे चालू. अख्खा दिवस दुसरा एक शब्द न बोलता नुसत्या आकड्यांवर काढलेला आहे आम्ही. आणि संध्याकाळी बसमध्ये बसेपर्यंत भांडण कुठे गेलं, ते दोघांनाही सांगता यायचं नाही.

ती गेल्यावर पंधरा दिवसांनी तिने फोनवर विचारलं, ‘अहो, लिहितं कोण आता?’

मी खिडकीत उभा होतो. खालून एक चष्मेवाले म्हातारे गृहस्थ हातात पिशवी घेऊन चालले होते, सावकाश, फुटपाथच्या कडेकडेने. मी म्हणालो, ‘मिळालेत एक जण. रिटायर्ड मास्तर आहेत.’

‘अरे वा! चांगले आहेत का?’

‘आहेत बरे.’

बस्स, एवढंच. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण थाप अशी असते की तिला रोज थोडं थोडं खायला घालावं लागतं. पुढच्या फोनला हिने विचारलं, मास्तरांना उन्हाचा त्रास नाही ना होत? मी म्हणालो, उन्हाचा नाही, गुडघ्यांचा होतो. मग गुडघ्यांची चौकशी सुरू झाली. मग मास्तरांना गंजाच्या धुळीने शिंका यायला लागल्या. मास्तर डबा आणायचे आणि त्यात रोज उकडलेलं अंडं असायचं. मास्तर विधुर होते. (हे का म्हणालो, देव जाणे.) हिने मास्तरांसाठी एक मफलर विणला आणि येणाऱ्या-जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर पाठवला. माझ्यासाठी एक निळा, मास्तरांसाठी एक राखाडी. राखाडी जास्त ऊबदार निघाला. मी तोच वापरतो.

आता तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? माणूस ठेवायचा होता एखादा. ठेवले होते. दोन ठेवले. एक जण आकडा परत न म्हणता लिहायचा, दुसरा लिहायच्या आधी फोन बघायचा. दोघांनाही मी ओरडून हाकललं. माझा स्वभाव असाच आहे, बायकोने बावीस वर्षं काढली म्हणून जगाने काढावीत असं थोडंच आहे! आणि हिला खरं सांगितलं असतं तर ती आली असती. शिडीवर मी एकटा चढतो, खाली धरायला कोणी नाही, हे कळल्यावर ती तिकडची सगळी कामं टाकून धावत आली असती. मला ती तशी यायला नको होती. मला वाटायचं, तिला स्वतःहून यावंसं वाटावं. माझी कीव येऊन नको. म्हणून मास्तर टिकवणं मला भाग होतं. मास्तर गेले की माझं एकटेपण उघडं पडणार, एवढं मला पक्कं ठाऊक होतं.

मला कामं देणाऱ्या ऑफिसच्या फॉर्मवर दोन सह्या लागतात, मोजणाऱ्याची आणि लिहिणाऱ्याची. मास्तरांची सही मी डाव्या हाताने करायचो. सुरुवातीला थरथरीत यायची. वर्षभरात चांगली वळणदार झाली.

आता एका टाकीची गोष्ट. घरापासून बसने दोन तासांवर एक गाव आहे, त्याच्या कडेला पिण्याच्या पाण्याची बोल्टची टाकी. जुनी आहे, पण राखलेली. टाकीच्या पायथ्याशी पंपाची खोली, आणि पंपाच्या खोलीला लागून पंपवाल्याची खोली. पंपवाला आणि त्याची आई, दोघंच. आई ऐंशीच्या पुढची, पण जीभ विशीतली. तिची एक प्लास्टिकची खुर्ची आहे. दिवसभर ती खुर्ची टाकीला लावून, पत्र्याला पाठ टेकून बसते. आत पाणी, त्यामुळे पत्रा गार लागतो म्हणे.

मी प्रोब लावला की ती म्हणायची, ‘काय रे मोजणीवाल्या, ताप आलाय का टाकीला? सारखं काय लावून बघतोस?’

‘नव्व्याण्णव आहे,’ मी म्हणायचो. ‘तुम्हाला लावू का?’

‘मला लावशील तर मीटर फुटेल तुझं!’

तिला उठवलं की मला तिच्या पाठीमागचा पत्रा मोजता यायचा. ह्या वेळच्या मोजणीच्या दिवशीही उठवलं. सकाळपासून मी चौऱ्याहत्तर पत्रे मोजले होते आणि कंबर धरली होती. शिडीवरून उतरा, वही काढा, लिहा, परत चढा. वर असताना मी सवयीने ओरडतोच. ‘एक पॉइंट नऊ!’ आणि खाली कोणीच नाही. मग मीच हळू म्हणतो, ‘एक पॉइंट नऊ.’ कधीकधी म्हणतो, ‘लिहिलंत का मास्तर?’ आणि मीच म्हणतो, ‘लिहिलं.’ येड्यासारखं वाटतं, पण त्याशिवाय दिवस जात नाही.

खालच्या रिंगेतला, म्हणजे टाकीभोवतीच्या पत्र्यांच्या सगळ्यात खालच्या ओळीतला, सात नंबरचा पत्रा म्हातारीच्या पाठीमागचा. मी वाकून खालपर्यंत पाच ठिकाणी मोजला, लिहिला, आणि तिला म्हणालो, ‘बसा.’ ती बसली. त्या टाकीला कमीत कमी एक पॉइंट चार लागत होता. सगळे आकडे त्याच्या वर होते. घरी येऊन मी रिपोर्ट केला, टाकी पास, उजव्या हाताची सही, डाव्या हाताची सही, आणि पाठवून दिला.

चार दिवसांनी संध्याकाळी सात वाजता हिचा फोन. तिकडे दुपारचे साडेतीन, पोरं झोपलेली. मुलगी कामावर. आमची बोलायची वेळ हीच.

‘आज काही बोलायलाच नाही हो,’ ही म्हणाली. ‘सकाळपासून दोन तोंडं पुसतेय, चार हात धुतेय. तुम्हीच बोला.’

‘मी काय बोलू? चार भिंती आणि मी.’

‘आकडे वाचा.’

‘काय?’

‘शेवटच्या टाकीचे आकडे वाचून दाखवा. खूप दिवस झाले.’

मी हसलो. पण खरं सांगतो, मला इतकं बरं वाटलं की मी वही आणायला जाताना खुर्चीला धडपडलो. चष्मा लावला, फोन समोर कपाला टेकवून ठेवला आणि सुरू केलं. मी म्हणायचो, ती परत म्हणायची. आवाज तोच, थोडा नाकातला, आणि ‘पॉइंट’ म्हणताना तोच घाईचा सूर. खोलीत उजेड कमी होत गेला तरी मी दिवा लावायला उठलो नाही. वरच्या रिंगा झाल्या. मधल्या झाल्या. खालच्या रिंगेला आलो.

‘सात नंबर,’ मी म्हणालो.

‘सात नंबर.’

‘दोन पॉइंट दोन.’

‘दोन पॉइंट दोन.’

‘दोन.’

‘दोन.’

‘एक पॉइंट सात.’

‘एक पॉइंट सात.’

‘एक पॉइंट पाच.’

‘एक पॉइंट पाच. उतरतंय हो हे.’

‘दोन पॉइंट दोन.’

तिकडून आवाज नाही.

‘अगं? गेला वाटतं फोन.’

‘फोन नाही गेला. परत बोला.’

‘दोन पॉइंट दोन.’

‘ही खालची कड ना? गाळ बसतो ती?’

‘हो.’

‘वर दीड, आणि गाळात दोनच्या वर? एकच पत्रा आहे ना हो हा? खाली जाऊन जाड कसा होईल?’

मी वहीकडे बघत राहिलो. माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, स्वच्छ, गोल दोन, टिंब, गोल दोन.

‘हा डबल आहे,’ ही म्हणाली.

मीटर आवाजावर चालतं. आवाज पत्र्यात जातो, पलीकडच्या बाजूवर आपटून परत येतो, आणि त्याला किती वेळ लागला त्यावरून मीटर जाडी सांगतं. पण पत्रा फारच पातळ झाला, की मोठ्या प्रोबला पहिला आवाज पकडता येत नाही. तो दुसऱ्यांदा आपटून आलेला आवाज मोजतो आणि जाडी बरोबर दुप्पट सांगतो. म्हणजे जिथे पत्रा सगळ्यात दुबळा, तिथे मीटर सांगतं की सगळं उत्तम आहे. ह्याला आम्ही डबल म्हणतो. नवशिक्यालासुद्धा पहिल्या महिन्यात हे शिकवतात. मी बत्तीस वर्षं ह्या धंद्यात आहे. आणि मी ते स्वतःच्या हाताने लिहून आलो होतो.

‘म्हणजे एक पॉइंट एक,’ मी म्हणालो.

‘आणि तिथे ती आजीबाई बसते म्हणाला होतात ना, पाठ टेकून?’

‘हो.’

‘मास्तरांनी कसं लिहून घेतलं हे? ते तर मास्तर माणूस! जाऊ दे. त्यांना आत्ता पाठवा टाकीवर. त्याच गावात राहतात ना ते?’

ही पण माझीच थाप. मीच कधीतरी म्हणालो होतो, टाकीच्या मागच्या गल्लीत राहतात म्हणून.

‘मास्तर बाहेरगावी गेलेत,’ मी म्हणालो. ‘मी पंपवाल्याला फोन करतो.’

पंपवाला जेवत होता. माझं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘काका, तुमचाच रिपोर्ट भिंतीवर चिकटवलाय मी. पास लिहिलंय. दोन-दोन सह्या आहेत. आणि तुम्ही फोनवर सांगणार, टाकी रिकामी कर? सकाळी गावाला पाणी तुम्ही देणार का?’

‘अरे बाबा, चुकलं माझं!’

‘दोघांचं चुकलं?’

मग बरीच घासाघीस झाली. टाकी अर्धीच भरायची, आईला आत झोपवायचं, खुर्ची पलीकडच्या कुंपणाजवळ न्यायची, एवढ्यावर तो तयार झाला. ‘पण सकाळी या,’ म्हणाला. ‘आणि त्या दुसऱ्यालाही आणा.’

मी हिला परत फोन करून सांगितलं. ती म्हणाली, ‘उद्या मोजायच्या वेळी मला लावा फोन. मी लिहीन. तुमचे मास्तर काही कामाचे नाहीत.’

त्या रात्रीचं काही सांगत नाही. झोप लागली नाही, एवढंच.

पहिली बस पकडून गेलो. टाकी उभी होती. उन्हात चांगली धुतल्यासारखी दिसत होती. आपल्याला जे कळलेलं असतं, ते टाकीच्या तोंडावर कुठे लिहिलेलं नसतं. म्हातारी कुंपणाजवळ खुर्ची टाकून फुरंगटून बसली होती.

‘माझी जागा घेतलीस ना!’ तिने मला बघताच सुरुवात केली. ‘इथे ऊन लागतं, माश्या चावतात.’

‘आजचा दिवस,’ मी म्हणालो.

फोन लावला. तिकडे सकाळचे साडेसहा. मी फोन स्पीकरवर टाकून पंपाच्या खोलीच्या पायरीवर ठेवला. पिशवीतून बारीक प्रोब काढला, पातळ पत्र्याचा. तो त्या दिवशीही पिशवीतच होता. बदलायचा कंटाळा केला होता. बदलायला एक मिनिट लागतं.

सात नंबरच्या तळाशी गुडघे टेकले. जेल लावलं.

‘एक पॉइंट एक!’ मी ओरडलो.

‘एक पॉइंट एक!’ पायरीवरून आवाज आला.

‘एक पॉइंट शून्य!’

‘एक पॉइंट शून्य!’

‘शून्य पॉइंट नऊ!’

ह्या वेळी ती हळू म्हणाली, ‘शून्य पॉइंट नऊ.’

बोल्टची खालची रांग तिथूनच जाते. पत्रा त्या भोकांतून फाटला असता का? सांगता येत नाही. त्या आठवड्यात नसता फाटला, कदाचित वर्षभर नसता फाटला. आणि कदाचित परवाच दुपारी, ती चहाचा कप घेऊन टेकलेली असताना. पंपवाला माझ्या मागे उभा राहून हे सगळं ऐकत होता. त्याने जाऊन निचऱ्याचा व्हॉल्व्ह उघडला. पाणी धो धो नाल्यात जायला लागलं. तो परत आला, आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं आता शिव्या घालणार. त्याने नुसता माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आत निघून गेला. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

‘अहो,’ पायरीवरून हिचा आवाज. ‘सोडलं का पाणी?’

‘सोडलं.’

‘सुटलो बाई! आणि ते मास्तर आले का परत? आले की द्या त्यांना फोन. चांगली खरडपट्टी काढणार आहे मी. दोन वर्षं वही लिहिताय म्हणावं, खाली जाताना आकडा वाढला तर विचारायचं नाही?’

‘कोण मास्तर?’ कुंपणाजवळून म्हातारी ओरडली.

मी हाताने खूण केली. म्हातारीला दूरचं दिसत नाही.

‘कोणाचे मास्तर गं बाई? हा तर नेहमी एकटाच येतो! मी बघते ना. वर चढून ओरडतो, खाली उतरून लिहितो, आणि मध्येच स्वतःशी बोलतो. लिहिलंत का म्हणतो, लिहिलं म्हणतो. मी मुलाला म्हटलंसुद्धा, ह्याला घरी कोणी नाही वाटतं.’

पाण्याचा आवाज एवढा मोठा होता, तरी तिचा शब्द न् शब्द पायरीपर्यंत पोचला. मी जेलचे हात पॅन्टला पुसले. फोन उचलला, स्पीकर बंद केला आणि टाकीच्या मागे गेलो. फोन कानाला लावायची भीती वाटत होती. लग्नाआधी तिच्या वडिलांना भेटायला गेलो होतो तेव्हा वाटली होती, तेवढी.

‘अगं,’ मी म्हणालो.

‘मास्तर नाहीतच?’

‘नाहीत.’

‘कधीच नव्हते?’

‘नव्हते.’

‘गुडघे? शिंका?’

‘माझ्याच. शिंका माझ्याच आहेत.’

‘आणि सही? रिपोर्टवर दोन सह्या लागतात.’

‘डाव्या हाताने करतो. आज ऑफिसला कळवणार आहे सगळं. ह्या टाकीचं, आणि ते पण. काम जाईल बहुतेक.’

‘डाव्या हाताने!’ ती म्हणाली, आणि हसली की काय मला कळलं नाही. मी म्हणालो, ‘तुला काळजी नको म्हणून गं. तू तिकडे दोन पोरांत अडकलेली, त्यात माझं कुठे…’

‘तुम्हाला आठवतं का,’ ती म्हणाली, ‘पहिल्या हिवाळ्यात जावई चार महिने सुट्टीवर आला होता?’

‘हो.’

‘मी बॅग भरली होती. तिकिटाची तारीखसुद्धा बघून ठेवली होती. तुम्हाला फोन केला आणि विचारलं, येऊ का आता? काय म्हणालात तुम्ही?’

मला आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं. मग हळूहळू आठवायला लागलं, आणि आठवू नये असं वाटलं.

‘घाई काय आहे, म्हणालात. मास्तर आहेत ना, म्हणालात. तुझ्यापेक्षा अक्षर बरं आहे त्यांचं.’

‘ती थट्टा होती.’

‘मला कसं कळणार? तुमचं तोंड दिसत होतं का मला?’ तिचा आवाज चढला आणि मग एकदम बसला. ‘बावीस वर्षं लिहिलं मी. म्हटलं, बरं आहे. ह्यांचं कुठे अडत नाही. मग कशाला जायचं? बॅग उघडली आणि कपडे परत कपाटात लावले. मग मुलीने माझ्या भरवशावर कामाच्या वेळा वाढवून घेतल्या. आता ती सकाळी सहाला निघते. ही दोघं माझ्याशिवाय दूध पीत नाहीत. आता कशी येऊ, सांगा? आता विचारून काय उपयोग?’

मी टाकीला हात लावून उभा होतो. आत पाणी उतरत होतं ते हाताला कळत होतं. मला सांगायचं होतं की घरात मी अजूनही दोन ताटं पुसतो. सांगायचं होतं की काल आकडे वाचताना मी दिवासुद्धा लावला नाही, कारण तू थांबशील अशी भीती वाटत होती. मला एकटं राहता येत नाही गं, हे सांगायचं होतं.

‘एक शब्द बोलायचा होतात,’ ती म्हणाली. ‘ये म्हणायचं होतं. मास्तर कशाला उभे केलेत मध्ये?’

आणि तिकडे एक पोर उठलं. आधी नुसती कुरकुर, मग जोरात, ‘आजीऽऽ!’ मग दुसऱ्याने सूर लावला.

‘आले!’ ही म्हणाली. ‘आले हं, आलेच मी!’

दोन वर्षं आठ महिने हा शब्द मी तिच्या तोंडून ऐकायला थांबलो होतो, आणि तो ऐकू आला तेव्हा ती पाठ फिरवून धावत निघाली होती. फोन तिने कुठेतरी ओट्यावर ठेवला असावा. भांड्याचा आवाज आला, दार लागल्याचा आला.

‘ये,’ मी म्हणालो. ‘अगं, ये ना.’

तिकडे एकेक करून दोन्ही पोरं रडायची थांबली.